बटेर : ठाणे-नवी मुंबईत 'शिकार' म्हणून काय मिळतं आणि ते कसं खावं

घोडबंदर रोडला किंवा पनवेलच्या पुढे हायवेला लागलं की ढाब्यांच्या पाट्यांवर 'जंगली', 'शिकारी', 'रानातलं' हे शब्द दिसू लागतात. या शब्दांआड जे पाखरू कायद्याने ताटात येऊ शकतं ते म्हणजे फार्मवर वाढलेला जपानी बटेर. हे परीक्षण त्याचंच आहे. कोंबडीवाल्याकडे समोर कापून मिळणारा, पाकिटातला फ्रोझन आणि हॉटेलच्या प्लेटमधला, असे तिन्ही प्रकार इथे आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो. मांस चांगलं, घरी केलं तर हॉटेलपेक्षा सरस, किलोच्या हिशोबाने बॉयलरपेक्षा बरंच महाग, आणि शिकारीच्या चवीशी त्याचा संबंध जवळजवळ नाहीच.

हा पक्षी आपल्या रानातला नाही. १९७४ साली तो कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधनासाठी आला आणि तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याचे मांसाचे आणि अंड्यांचे वाण तयार केले. अंडं १७-१८ दिवसांत उबतं, पाच आठवड्यांत पक्षी १८० ते २०० ग्रॅमचा होतो आणि तेव्हाच कापला जातो. मादी नरापेक्षा जड असते. नराची छाती तांबूस आणि कोरी, मादीच्या छातीवर काळे ठिपके, त्यामुळे जिवंत घेताना मांस जास्त हवं असेल तर ठिपकेवाली मागावी. आपल्याकडचे रानातले लावे (पावसाळी लावा, हिवाळ्यात येणारा राखी लावा, झुडपी लावा) याच्या निम्म्याच्या आसपास वजनाचे असतात. हा फरक पुढे हॉटेलात कामाला येईल.

दुकानात जाऊन लगेच मिळेल असं धरून चालू नये. ठाण्यात स्टेशनच्या आसपास, कळव्याला, नवी मुंबईत कोपरखैरणे, नेरूळ, पनवेल या बाजूच्या कोंबडीवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बरं पडतं. खरी अडचण सुरू होते ती पक्षी मिळाल्यावर. दुकानदार न विचारता सोलून देतो, कारण एवढ्याशा पक्ष्याची पिसं उपटत बसायला त्याला वेळ नसतो. कातडी गेली की तिच्याखालची चरबीची पातळ चादरही जाते, आणि बटेराच्या अंगात चरबी जी काही असते ती बहुतेक तिथेच. मग तव्यावर टाकलेला पक्षी तीन मिनिटांत कोरडा पडतो. रस्सा करायचा असेल तर सोललेला चालेल. भाजायचा असेल तर कातडीसकट, आणि तसं आधीच बोलून ठेवायचं. घरी पिसं काढायची वेळ आली तर पाणी ५२ ते ५५ अंशांचं घ्यावं आणि पक्षी पाऊण मिनिट बुडवावा. उकळत्या पाण्यात बुडवला तर कातडी अर्धी शिजते आणि पिसाबरोबर फाटून हातात येते.

वजनाचा हिशोब असा: २०० ग्रॅमच्या पक्ष्यातून डोकं, पाय, आतडी काढून कातडीसकट १३०-१४० ग्रॅम हाती येतात, सोलून १२० च्या आत. म्हणजे माणशी दोन पक्षी. पोटा-कलेजी मागून घ्यावी. कलेजी शेंगदाण्याच्या दोन दाण्यांएवढी असते म्हणून दुकानदार ती आतड्याबरोबर फेकतो, पण या पक्ष्यात सगळ्यात ठसठशीत चव तिचीच.

ताजेपणापेक्षा वय ओळखणं जास्त महत्त्वाचं. अंडी देऊन थकलेल्या माद्या शेवटी मांसासाठीच विकल्या जातात आणि त्या तासभर शिजवूनही चिवट राहतात. उरोस्थीचं, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचं, शेपटीकडचं टोक बोटाने दाबून पाहावं. कोवळ्या पक्ष्याचं टोक कूर्चेचं असतं, वाकतं. जुन्याचं टणक लागतं. हाड धारेसारखं वर आलेलं आणि दोन्ही बाजूंचं मांस खाली गेलेलं दिसलं तर तो पक्षी भाजण्याच्या कामाचा नाही.

फ्रोझन पाकिटांचा दर्जा कमी-जास्त होतो आणि दोष बहुतेक वेळा फार्मचा नसून मधल्या वाहतुकीचा असतो. पाकिटाच्या आत बर्फाचा भुगा साचलेला असेल किंवा तळाशी लाल बर्फाची वडी जमलेली असेल तर माल एकदा वितळून परत गोठलेला आहे. छातीवर पांढुरके कोरडे चट्टे म्हणजे फ्रीझरने ओढलेलं पाणी, तो भाग शिजल्यावर भुश्श्यासारखा लागतो. पॅकिंगची तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक नसेल तर पाकीट परत ठेवावं. वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आठ ते दहा तास. ओट्यावर ठेवलं तर आपल्याकडच्या दमट हवेत बाहेरचा भाग खराब व्हायला लागतो तेव्हा आतलं पोट अजून बर्फाचं असतं. एक चांगली गोष्ट सांगायला हवी: फ्रोझन पक्षी सहसा कातडीसकट असतो. त्यामुळे भाजण्यासाठी नीट राखलेलं पाकीट हे सोलून दिलेल्या ताज्या पक्ष्यापेक्षा बरं.

आता शिजवणं, कारण या पक्ष्याची माती होते ती इथेच. भाजण्याआधी मिठाचं पाणी द्यावं: एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम मीठ आणि चमचाभर गूळ, त्यात दीड ते दोन तास फ्रीजमध्ये. चार तासांवर गेलं की मांस खारट आणि रबरासारखं होतं. बाहेर काढून पुसून, न झाकता फ्रीजमध्ये रात्रभर ठेवला तर कातडी सुकते आणि तव्यावर लाल होते. ओली कातडी वाफेवर शिजते, भाजली जात नाही. मोठ्या कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढावा, पक्षी उताणा करून छातीवर तळहाताने दाबावं, हाड 'कट्' वाजलं की तो सपाट बसतो. आलं-लसूण, हळद, लिंबू आणि आगरी मसाला लावून अर्धा तास पुरे. बिडाचा तवा कडक तापवून कातडीची बाजू खाली, वर वजन म्हणून दुसरं भांडं, चार मिनिटं. मग उलटून तीन. मांडीच्या जाड भागात थर्मामीटरने ७४ अंश दिसले की उतरवायचा आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. ओव्हन असेल तर अख्खा पक्षी २२० अंशांवर दहा ते बारा मिनिटं.

कच्ची पपई लावू नये. मटणाला ती जे तासाभरात करते ते बटेराला दहा मिनिटांत करते आणि छातीचा लगदा होतो. आंबट दह्यात रात्रभर ठेवणं हीसुद्धा तंदूरवाल्यांची उचललेली सवय, वरचा थर खडूसारखा होतो.

रश्श्यात उलट चूक होते. चार माणसांना आठ पक्षी, म्हणजे साधारण किलोभर मांस. आपण मटणाच्या सवयीने आधी मांस परततो, मग मसाला, मग पाणी, आणि चाळीस मिनिटं शिजवत बसतो. बटेर एवढा वेळ थांबत नाही. त्याच्यासाठी रस्सा आधी पूर्ण तयार करायचा. चार मध्यम कांदे उभे चिरून आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट तांबूस भाजून बारीक वाटायचं. चार मोठे चमचे तेलात तमालपत्र, चार लवंगा, एक बारीक चिरलेला कांदा, मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण तीन चमचे, अर्धा चमचा हळद, अडीच चमचे आगरी मसाला. खोबऱ्याचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं, मग तीन कप कढत पाणी, मीठ, आणि दहा मिनिटं उकळी. बटेर यानंतर. मंद आचेवर झाकून बारा ते पंधरा मिनिटं, गॅस बंद, आणखी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकर अजिबात नको, एका शिट्टीत मांड्या हाडावरून गळतात आणि बरगड्यांच्या सुया रश्श्यात फिरतात. घरात लहान मुलं असतील तर रस्सा करूच नये, भाजून द्यावा. पोटा-कलेजी शेवटच्या पाच मिनिटांत.

चवीबद्दल. हे मांस कोंबडीपेक्षा गडद, गोडसर, बारीक धाग्याचं, आणि नीट भाजलं तर रसाळ. 'रानवट' म्हणून लोक जे शोधतात ते यात का नाही, याचं उत्तर सोपं आहे. मांसाचा गडदपणा आणि उग्र वास येतो वयातून, पळण्या-उडण्याच्या श्रमातून आणि खाण्यातून. पाच आठवड्यांचा, मका-सोयाबीनवर वाढलेला, पिंजऱ्याबाहेर कधी न उडालेला पक्षी तो वास आणणार कुठून? फार्मच्या सशाचं मांस फिकट गुलाबी आणि रानसशाचं गडद लाल असतं, त्यामागेही काही अंशी हेच कारण आहे. हॉटेलवाला जी 'जंगली' चव देतो ती काळी मिरी, दगडफूल आणि करपवलेल्या खोबऱ्याची असते. चव वाईट नसते, पण तिचा मालक पक्षी नव्हे, मसाला.

हॉटेलच्या प्लेटला म्हणूनच आमच्याकडून कमी गुण. तळून तासन्‌तास ठेवलेला बटेर गिऱ्हाईक आलं की परत तळून देतात, तेव्हा छाती लाकडासारखी होते आणि वर टाकलेल्या रंगाने ती लपते. मागवताना 'ताजा भाजून, तळून नको' एवढं सांगावं. आणि प्लेट आली की आकार पाहावा. फार्मचे पक्षी एका वयाचे, एका मापाचे असतात, शिजल्यावरही एकमेकांची नक्कल वाटतात. प्लेटमध्ये एक मोठा, दोन अगदी मुठीत मावतील असे, एखाद्याच्या पायावर घट्ट वळ, मांसात काळंनिळं साकळलेलं रक्त किंवा दाताखाली शिशाची गोळी असेल तर तो माल फार्मचा नाही. चांगल्या हॉटेलकडे फार्मचं बिल असतं, ते मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही.

तित्तर, रानससा, रानडुक्कर, भेकर, घोरपड या नावांना मात्र बिलाचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे संरक्षित आहेत. मेन्यूत तित्तर असेल तर दोनच शक्यता: गुन्हा किंवा थाप. थाप म्हणजे तित्तर सांगून बटेर किंवा लहान कोंबडी पुढे केली जाते, रानडुकराच्या नावाने गावठी काळं डुक्कर. थाप असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. खरं निघालं तर खाणाराही मोकळा सुटत नाही, कारण मांस विकत घेणं आणि जवळ ठेवणं हेही गुन्ह्यात येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घोरपडीसारखा अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला, प्राणी असेल तर किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं आणि वर किमान पंचवीस हजार दंड. शिजवल्यावर पुरावा जातो हा गैरसमज आहे. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळा शिजलेल्या मांसाच्या डीएनएवरूनही प्राणी ओळखतात.

'शेतात मारलेलं आहे, परवानगी होती' हे एक पेटंट वाक्य ऐकू येतं. परवानगीचा भाग खरा असू शकतो. शहापूर-मुरबाडकडे रानडुकराने शेत लोळवलं तर त्या शेतकऱ्याचं नुकसान कुणी हलक्यात घेऊ नये, आणि कायद्याच्या कलम ११ खाली अशा जनावराला मारण्याची परवानगी मिळू शकते. पण कलम ३९ सांगतं की अशा परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता. ते कढईत यायचा कायदेशीर रस्ताच नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी शिकारीच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे आणि तो उडवून लावू नये. रानातलं जनावर मोकळं जगतं, नेम बरोबर बसला तर क्षणात मरतं. फार्मचा बटेर आयुष्यभर जाळीवर उभा असतो, एका चौरस फुटात पाच-सहा. दोघांपैकी कुणाचं जगणं बरं, याचं प्रामाणिक उत्तर फार्मच्या बाजूने येत नाही. स्कॉटलंडमध्ये हरणाचं मांस खाणारा हेच म्हणतो आणि तिथे ते पटतं: लांडगे संपले, हरणं वाढली, ती जंगलाची कोवळी रोपं खाऊन टाकतात, माद्या मारण्याचा हंगाम ठरलेला आहे आणि मारणारा बंदुकीत तयार असतो.

ठाण्यात यातलं काय आहे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती शहर, आत बिबटे. येऊरच्या बाजूने भेकर, ससा, रानडुक्कर कमी झालं की बिबट्याचं जेवण कमी होतं आणि तो वस्तीकडच्या कुत्र्यांवर जास्त विसंबतो. पद्धतही बंदुकीची नाही. मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास वाटेवर लावतात. फासाला नेम नसतो. डुकरासाठी लावलेल्यात बिबट्या अडकतो, सांबराचं पिल्लू अडकतं, आणि जे अडकतं ते तडफडत तासन्‌तास मरतं. 'क्षणात मृत्यू' हा युक्तिवाद इथेच कोसळतो. हंगाम नाही, मोजणी नाही, गाभण मादी वगळायची सोय नाही.

फास लावणारा सापडला तर तो बहुतेक पाड्यावरचा गरीब असतो, ऑर्डर देणारा फार्महाऊसवर. कातकरी, ठाकर, वारली समाजात ससा-लावा मारून खाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपजाचे हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. संरक्षित जंगल एवढंसं उरलेलं असताना ते वगळणं बरोबरच वाटतं. तरीही पोटासाठी लावलेला फास आणि शनिवारच्या पार्टीच्या ऑर्डरसाठी लावलेला फास कायद्याला सारखे असतील, आम्हाला नाहीत. दुसऱ्याला गिऱ्हाईक नसेल तर तो लागत नाही, आणि ते गिऱ्हाईक आपल्या शहरातलं आहे. कुणी 'खरं जंगली' म्हणून मांस पुढे केलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

म्हणून फार्मचा बटेर निर्दोष ठरतो का? एक आकडा टोचतो. किलोभर मांसाला सात-आठ बटेर जातात. तेवढंच मांस एका बॉयलरमधून निघतं आणि एका बोकडातून दहा घरांची पंगत उठते. जीव मोजून खाणाऱ्याला बटेर हा सगळ्यात महागडा पर्याय. खाद्याच्या हिशोबातही तो मागे आहे: पाच आठवड्यांत अर्ध्या किलोच्या आसपास खाद्य खाऊन तो २०० ग्रॅमचा होतो, बॉयलर तेवढ्या खाद्यात दीडपट वाढतो. जमिनीवर तुसात वाढवलेले पक्षी पिंजऱ्यातल्यांपेक्षा बरे जगतात, पण पाकिटावर ते लिहिलेलं सापडणं कठीण, ताज्याच्या दुकानदारालाच विचारावं लागतं. एकूणात, सणावाराला माणशी दोन पक्षी ठीक. दर रविवारी कोंबडीच्या जागी म्हणून आम्ही सुचवणार नाही.

जिवंत बटेर विकत घेऊन येऊरला किंवा खाडीकाठी सोडून देणारेही आहेत. तसं करू नये. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला लपायचं कळत नाही, घार किंवा मांजर त्याला लगेच टिपतं. आणि जो वाचेल त्याचा हिवाळ्यात येणाऱ्या राखी लाव्याशी संकर होऊ शकतो, युरोपात तसं झालेलं आहे.

अंड्यांबद्दल थोडक्यात. एक अंडं दहा ग्रॅमच्या आसपास, पाच मिळून कोंबडीच्या एका अंड्याएवढी. दम्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करण्याचे दावे पाकिटावर असतील तर ते वाचायचे नाहीत. उकळत्या पाण्यात साडेतीन मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावीत. कवचाखालचा पापुद्रा जाड असतो, म्हणून सोलताना बोथट टोकाकडून, जिथे हवेची पोकळी असते तिथून सुरुवात करावी.